जुन्या कॉम्प्युटरची सिस्टीम इमेज नव्या मशीनवर टाकली, तर विंडोज सुरू होईल का?

सात-आठ वर्षं वापरलेल्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड उडाला, की दुरुस्तीवाला बहुतेक वेळा एकच सल्ला देतो, "आता नवीनच घ्या." त्या पिढीचा बोर्ड नवा मिळत नाही, आणि वापरलेला मिळाला तर त्याची खात्री कुणी देत नाही. अशा वेळी ज्यांनी आधीच सिस्टीम इमेज काढून ठेवलेली असते, ते थोडे निश्चिंत असतात. एक्सटर्नल हार्डडिस्कवर सगळं जसंच्या तसं आहे, नव्या मशीनवर ओतलं की काम झालं, असा त्यांचा हिशेब असतो.

हिशेब अर्धा बरोबर असतो. इमेजमधला डेटा खरोखर सुरक्षित असतो. पण तीच इमेज वेगळ्या हार्डवेअरवर टाकली, की कधी विंडोज थोडा वेळ घेऊन नीट सुरू होतं, कधी निळा स्क्रीन येतो, तर कधी इमेज टाकतानाच नकार मिळतो. असं का होतं, आणि त्यात आपली कामं, फोटो, हिशेब कसे वाचवायचे, हे समजून घेऊ.

सिस्टीम इमेज म्हणजे नेमकं काय?

साध्या बॅकअपमध्ये आपण फोल्डर कॉपी करतो. सिस्टीम इमेजमध्ये विंडोज, त्यावर टाकलेली सगळी सॉफ्टवेअर, सेटिंग, पासवर्ड, ड्रायव्हर, फाइल आणि कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी लागणारे छोटे लपलेले भागही येतात. म्हणजे घरातल्या सामानाची यादी नाही, तर अख्खं घर भिंतींसकट उचलून ठेवल्यासारखं.

ही पद्धत लोकप्रिय झाली ती 'घोस्ट' या सॉफ्टवेअरमुळे. न्यूझीलंडमधल्या मरे हॅझार्ड यांनी १९९५ च्या सुमारास ते तयार केलं आणि १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने ते विकत घेतलं. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत एका मशीनवर सगळं नीट बसवायचं आणि त्याची इमेज बाकीच्या मशीनवर टाकायची, हा प्रकार तेव्हापासून रूढ झाला. तिथे ते बिनबोभाट चालायचं, कारण सगळी मशीन बहुधा एकाच बनावटीची असायची. आजच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. इमेजची कल्पना मुळात 'तेच मशीन' किंवा 'तसंच मशीन' गृहीत धरते.

विंडोज ७ मध्ये इमेज काढायची सोय आयती मिळायची. विंडोज १० आणि ११ च्या कंट्रोल पॅनलमध्येही ती 'बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७' या नावाने सापडते. मात्र मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ही सोय जुनी ठरवली आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरायचा सल्ला दिला.

हार्डवेअर बदललं म्हणजे काय बदललं?

प्रत्येक बदल सारखा त्रासदायक नसतो. रॅम वाढवली, मॉनिटर बदलला, ग्राफिक्स कार्ड नवं घातलं, तर विंडोज ते सुरू झाल्यावर ओळखतं आणि हवा तो ड्रायव्हर शोधतं. फार तर सुरुवातीला स्क्रीन मोठा आणि भुरकट दिसेल किंवा आवाज येणार नाही. हे सगळं नंतर निस्तरता येतं.

खरा बदल असतो मदरबोर्डचा. कारण डिस्कशी बोलणारा कंट्रोलर, कॉम्प्युटर सुरू करणारी मूळ यंत्रणा आणि लायसन्सची ओळख, या तिन्ही गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या असतात. नवा लॅपटॉप घेतला म्हणजे मदरबोर्ड बदललाच.

विंडोज एक्सपीच्या काळात हे याहून अवघड होतं. मशीनच्या प्रकारानुसार हार्डवेअरशी बोलणारा एक थर एक्सपी इन्स्टॉल होतानाच ठरायचा आणि पुढे तोच कायम राहायचा. मशीन बदललं की तो जुळायचा नाही. विंडोज व्हिस्टापासून हा थर सुरू होताना ओळखायची सोय आली. त्यामुळे आज विंडोज १० किंवा ११ ची इमेज वेगळ्या मशीनवर चालण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरीच जास्त आहे. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे.

निळा स्क्रीन का येतो?

वेगळ्या मशीनवर इमेज टाकल्यावर सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. साध्या मराठीत सांगायचं तर, विंडोज सुरू झालं, पण ज्या डिस्कवर ते स्वतः आहे तीच त्याला सापडेना.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सोपं आहे. बटण दाबल्यावर पहिली काही पावलं मदरबोर्डची यंत्रणा टाकते. ती विंडोजचा गाभा आणि अगदी गरजेचे ड्रायव्हर मेमरीत आणून ठेवते. त्यानंतर विंडोजला डिस्कवरचं बाकी सगळं स्वतःच वाचावं लागतं, आणि त्यासाठी त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आधीच हाताशी असावा लागतो. तो नसेल, तर डिस्कवरून शोधून आणताही येत नाही, कारण डिस्क वाचायलाच तर तो हवा आहे. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तसा हा प्रकार.

जुन्या मशीनवर साधी साटा हार्डडिस्क होती आणि नव्यावर एनव्हीएमई एसएसडी आहे, किंवा एका मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्कची पद्धत 'एएचसीआय' आहे आणि दुसऱ्यावर 'रेड', की ही वेळ येऊ शकते. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' नावाची सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर दिला नाही, तर विंडोज टाकायच्या पेनड्राइव्हलाही आतली एसएसडी दिसत नाही. डिस्क खराब आहे असं वाटून काही जण ती बदलायला निघतात, आणि गरज असते ती फक्त लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरच्या एका ड्रायव्हरची.

बायोस आणि यूईएफआयचा घोळ

दुसरी अडचण त्याहून आधी येते. जुने कॉम्प्युटर 'बायोस' पद्धतीने सुरू होतात आणि त्यांच्या डिस्कची मांडणी बहुतेक वेळा 'एमबीआर' प्रकारची असते. नवे कॉम्प्युटर 'यूईएफआय' पद्धतीने सुरू होतात, त्यांना 'जीपीटी' मांडणी आणि डिस्कवर सुरुवातीच्या फाइलसाठी एक वेगळा छोटा भाग लागतो. विंडोजची स्वतःची इमेजची सोय या दोन पद्धतींची सरमिसळ होऊ देत नाही. बायोसवर काढलेली इमेज यूईएफआय मशीनवर टाकायला गेलं, की ती सरळ नकार देते.

काही डेस्कटॉपमध्ये जुन्या पद्धतीने सुरू व्हायचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. अनेक नव्या लॅपटॉपमधून तो गेला आहे. विंडोज १० आणि ११ साठी मायक्रोसॉफ्टची 'एमबीआरटूजीपीटी' नावाची सोय आहे, जी डेटा न पुसता मांडणी बदलते. पण ती चालवण्याआधी डेटाची आणखी एक प्रत हातात असणं गरजेचं आहे.

डिस्कच्या आकाराचाही नियम आहे. विंडोजची सोय नवी डिस्क जुन्याएवढी किंवा त्याहून मोठी मागते. जुनी हार्डडिस्क एक टीबीची होती, त्यातली फक्त १०० जीबी भरलेली होती आणि नवी एसएसडी ५१२ जीबीची आहे, तरीही इमेज बसत नाही. अशा वेळी इमेज काढण्याआधी जुन्या डिस्कचे भाग आकसून घेणं, किंवा आकार जुळवून घेणारं दुसरं सॉफ्टवेअर वापरणं, एवढेच मार्ग उरतात.

आणि काही ठिकाणी प्रयत्नच करू नये. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप किंवा अ‍ॅपलच्या एम मालिकेतले मॅक यांची प्रोसेसरची भाषाच वेगळी आहे. इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवरची इमेज त्यांच्यावर सुरू होणार नाही. तसंच विंडोज ७ ची इमेज आजच्या लॅपटॉपवर टाकली, तर यूएसबीपासून वायफायपर्यंत अनेक गोष्टींचे ड्रायव्हरच मिळत नाहीत.

सुरू झालं, तरी पुढचे अडथळे

समजा विंडोज सुरू झालं. आता लायसन्सचा प्रश्न येतो. लॅपटॉप किंवा ब्रँडेड डेस्कटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. ते नव्या मशीनवर नेता येत नाही. दुकानातून वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स मात्र हलवता येतं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवलं असेल, तर हार्डवेअर बदलल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून पुन्हा दावा करता येतो. हे जोडणं जुनं मशीन चालू असतानाच करून ठेवावं लागतं.

दुसरा अडथळा लॉग-इनचा. रोज चार आकडी पिन टाकणाऱ्यांना मूळ पासवर्ड आठवत नाही. पिन त्या एकाच मशीनशी बांधलेला असतो, त्यामुळे नव्या मशीनवर खरा पासवर्डच लागतो.

तिसरा अडथळा बिटलॉकरचा. डिस्क कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली किंवा कुलूपबंद अवस्थेतच तिची नक्कल केली, की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल, तर डेटा डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते, आणि ती कागदावर उतरवून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

आणखी एक गोष्ट. इमेजमध्ये जे विंडोज आहे, तेच परत येतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे नव्या मशीनसोबत आलेलं विंडोज ११ पुसून त्यावर जुनी इमेज टाकली, तर आपण पैसे खर्च करून मागे जातो.

मग लोक अख्खी इमेजच का मागतात?

कारण काही सॉफ्टवेअर पुन्हा टाकताच येत नाहीत. महाराष्ट्रातल्या डीटीपी व्यवसायात हे चांगलंच माहीत आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, स्थानिक साप्ताहिकं यांच्या वर्षानुवर्षांच्या फाइल श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ते फॉन्ट युनिकोडचे नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली असते, नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसतो आणि काही आवृत्त्या हार्डवेअर लॉकशिवाय, म्हणजे डाँगलशिवाय, चालत नाहीत. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही मशीनशी जोडलेलं असतं. ते जुन्या मशीनवरून सरेंडर करून नव्यावर सुरू करावं लागतं. इमेज हलवली म्हणून ते आपोआप हलत नाही.

म्हणून इमेज टाकायला घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. आपल्याला जुनं विंडोज हवंय, की त्यातलं काम? बहुतेकांचं उत्तर 'काम' असतं. आणि काम बाहेर काढायला अख्खी इमेज नव्या मशीनवर टाकावी लागत नाही.

इमेज न टाकता फाइल कशा काढायच्या?

विंडोजने काढलेली इमेज 'विंडोजइमेजबॅकअप' या फोल्डरमध्ये असते. आत मोठ्या व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स फाइल असतात. विंडोज १० किंवा ११ असलेल्या कोणत्याही मशीनला ती एक्सटर्नल डिस्क लावायची, डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, 'अटॅच व्हीएचडी' निवडायचं आणि 'रीड-ओन्ली' वर टिक करायची. ती इमेज एखाद्या जादा ड्राइव्हसारखी दिसू लागते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट, फोटो, फॉन्टचं फोल्डर, हिशेबाच्या कंपनीचा डेटा, हवं ते कॉपी करून घेता येतं. रीड-ओन्लीमुळे मूळ इमेजला धक्का लागत नाही. फोल्डरचं नाव मात्र बदलू नये, नाहीतर पुढे विंडोजच्या रिकव्हरीला ती इमेज सापडत नाही.

फक्त मदरबोर्ड गेला असेल आणि जुनी हार्डडिस्क धडधाकट असेल, तर काम आणखी सोपं. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली, की पेनड्राइव्हसारखी वाचता येते. इमेज काढल्यानंतरचं कामही त्यात मिळतं.

जे जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही, त्यासाठी तिसरा मार्ग आहे, व्हर्च्युअल मशीन. मायक्रोसॉफ्टच्याच 'डिस्कटूव्हीएचडी' या मोफत सोयीने चालू कॉम्प्युटरची डिस्क एका फाइलमध्ये उतरवता येते आणि हायपर-व्हीमध्ये ती नव्या मशीनच्या आत एका खिडकीत चालवता येते. व्हर्च्युअलबॉक्सही अशा फाइल वाचतो, आणि यूएसबी डाँगल आतल्या विंडोजला जोडायची सोय त्यात आहे. लायसन्सची अट इथेही लागू होतेच, आणि असं जुनं विंडोज इंटरनेटपासून तोडलेलंच बरं.

टाकायचीच असेल, तर कोणत्या क्रमाने?

अख्खी इमेजच हवी असेल, तर घाई करू नये. इमेज टाकताना नव्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी इमेजची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि नव्या मशीनची मूळ इमेजही काढून ठेवावी.

त्यानंतर चार गोष्टी जुळतात का ते पाहावं. प्रोसेसरचा प्रकार, सुरू व्हायची पद्धत, डिस्कचा आकार आणि विंडोजची आवृत्ती. नव्या मशीनच्या मॉडेलप्रमाणे स्टोरेज, लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. विंडोज सुरू झालं आणि इंटरनेटच नसेल, तर अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग बहुतेक वेळा कामी येतं.

सॉफ्टवेअर निवडताना ते वेगळ्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर घालून देतं का, हे बघावं. अ‍ॅक्रॉनिसमध्ये याला 'युनिव्हर्सल रिस्टोअर' म्हणतात, मॅक्रियम रिफ्लेक्टमध्ये 'रीडिप्लॉय'. ती किल्ली कपाटाबाहेरून आत सरकवायचं काम हेच करतं. मॅक्रियमच्या मोफत आवृत्तीचा सपोर्ट २०२४ च्या सुरुवातीला संपला. क्लोनझिला मोफत आहे, पण ते ड्रायव्हर घालून देत नाही आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान डिस्कही चालवून घेत नाही. माहीतगार असाल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून 'डीआयएसएम' या कमांडने ड्रायव्हर हाताने घालता येतो.

जुनं मशीन अजून चालू असेल, तर आणखी एक पर्याय मिळतो. 'सिसप्रेप' ही विंडोजमधलीच सोय इमेज काढण्याआधी चालवली, की त्या मशीनची खास ओळख पुसली जाते आणि विंडोज नव्या जागी पुन्हा हार्डवेअर ओळखायला तयार होतं. पण आधी साधी इमेज काढल्याशिवाय सिसप्रेपला हात लावू नये, कारण त्यानंतर जुनं मशीन पहिल्यासारखं राहत नाही.

इमेज टाकल्यावर निळा स्क्रीन आलाच, तर लगेच पुन्हा सगळं पुसून सुरुवात करण्याआधी मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्कची पद्धत बघावी. रेड किंवा व्हीएमडीऐवजी एएचसीआय केल्यावर अनेकदा गाडी पुढे सरकते.

आज करता येण्यासारखं काय?

सिस्टीम इमेज हा त्याच मशीनसाठीचा उत्तम विमा आहे. डिस्क गेली, व्हायरस आला, एखाद्या अपडेटने घोळ घातला, तर तासाभरात सगळं पूर्ववत होऊ शकतं. मशीनच बदललं, तर तीच इमेज विम्याऐवजी तिजोरी समजावी. तिच्यातून हवं ते काढून घ्यावं, आणि विंडोज व सॉफ्टवेअर नव्याने टाकावीत. त्यात एक दिवस जातो, पण पुढची कटकट वाचते.

म्हणून इमेजसोबत एक वेगळं फोल्डर ठेवावं. त्यात महत्त्वाच्या फाइलची साधी कॉपी, सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, लायसन्सचे नंबर, फॉन्ट आणि बिटलॉकरची की असावी. ही की आणि खरा पासवर्ड कागदावरही लिहून ठेवावा. आणि काढलेली इमेज एकदा दुसऱ्या मशीनवर अटॅच करून, एखादी फाइल उघडून बघावी. दहा मिनिटांचं काम आहे. इमेज अर्धवट निघाली आहे हे आत्ता कळलं, तर जुना कॉम्प्युटर चालू असताना ती पुन्हा काढता येते.